सापाच्या पिल्लाची छाती भरली तर: सीमाभागातल्या घरांसाठी उपचारांची सविस्तर माहिती

जुलैच्या झडीत आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत साप पाळणाऱ्या पोरांचे फोन वाढतात. "दादा, साप शिट्टी मारूलालाय." "तोंडाला फेस यायलाय, पण खाल्लंय परवा व्यवस्थित." खातोय ना, मग बरा असेल, असं समजून आठवडा जातो. मग कुणीतरी मेडिकलमधून लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप आणून दोन थेंब तोंडात सोडतं. तिथून पुढे डॉक्टरच्या हातातही फारसं काही उरत नाही. म्हणून छातीच्या संसर्गाच्या त्या आठवड्यात काय करायचं, ते इथे जरा खोलात लिहितो.

लिहितोय ते बॉल पायथन आणि कॉर्न स्नेकच्या वर्षाच्या आतल्या पिल्लांबद्दल. आपल्याकडे घरात असतात ते बहुतेक हेच दोन परदेशी, बिनविषारी साप. नाग, धामण, मांडूळ, अजगर किंवा इथला कुठलाही साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शेतात सापडलं म्हणून, जखमी होतं म्हणून, "सोडणारच होतो" म्हणून, यातलं कुठलंच कारण चालत नाही. असा साप आजारी दिसला तर वनखात्याला कळवा. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणीही आपल्या कायद्याच्या कक्षेत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. नोंदणीचा विषय इथेच काढतोय, कारण आजारी सापाला घेऊन राज्याची हद्द ओलांडायची वेळ आली तर तो कागद गाडीत असलेला बरा.

आत नेमकं काय होतं

आपल्या छातीत कफ झाला तर आपण खोकतो, खाकरतो आणि तो बाहेर पडतो. सापाला तशी सोय नाही. छाती आणि पोट यांच्यामधला जो पडदा आपल्याला खोल श्वास भरून जोरात खोकायला मदत करतो, तो सापाला नसतो. बरगड्यांमधल्या स्नायूंवर त्याचा श्वास चालतो आणि तेवढ्या जोरात फुफ्फुसातला चिकट स्राव वर येत नाही. फुफ्फुसही लांबलचक पिशवीसारखं असतं. पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं आणि मागचा भाग नुसती हवेची पिशवी. स्राव या मागच्या भागात साचतो आणि तिथेच बसतो. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. म्हणून उशीर झालेल्या केसमध्ये औषध रक्तात पोहोचतं, पण त्या गोळ्याच्या आत शिरत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. सापाच्या शरीराची ऊब बाहेरून येते आणि त्याची रोगप्रतिकारशक्तीही त्याच उबेवर चालते. पेटी २२ अंशांवर असेल तर आतल्या पेशी सुस्तावतात, औषध शरीरात नीट पसरत नाही, आणि जंतू मात्र आरामात वाढतात. हे जंतू बहुतेक वेळा स्यूडोमोनास, एरोमोनास, क्लेब्सिएला अशा जातीचे असतात. ते पाण्याच्या भांड्यात, ओल्या बिछान्यात, सापाच्या तोंडात एरवीही थोडेफार असतातच. थंडी, ओल, धूळ, कोंदट हवा, गोचिडं किंवा नव्या घरातला ताण यातल्या एकाने साप खचला की ते डोकं वर काढतात. माझं स्पष्ट मत असं की सीमाभागातल्या घरातल्या दहापैकी नऊ केसेसचं मूळ तापमानात असतं, आणि ते दुरुस्त न करता दिलेलं कुठलंही इंजेक्शन वाया जातं.

खरंच संसर्ग आहे का

शिट्टी ऐकली की लगेच घाबरून जाऊ नका. कात टाकायच्या आधी डोळे निळसर-धुरकट झालेले असतात, तेव्हा नाकपुडीवरचं जुनं कातडं सैल होतं आणि श्वासाबरोबर बारीक शिट्टी वाजते. कात नीट उतरली की ती बंद होते. कधी कातीचा तुकडा नाकपुडीत अडकून राहतो, तोही वाजतो. उंदीर गिळल्यावर साप जबडा जागेवर बसवायला दोन-तीनदा मोठी जांभई देतो. पाणी पिताना नाकाला थेंब लागून एखादा बुडबुडा येतो. डिवचल्यावरचा फुत्कार तर वेगळाच.

काळजी करायची ती पुढच्या खुणांची. साप शांत पडलेला असताना, कात जवळ नसतानाही श्वासात टकटक, चरचर किंवा ओला आवाज येणं. नाकपुडीशी किंवा ओठांच्या कडेला बुडबुडे आणि तारेसारखी ताणली जाणारी लाळ. डोकं आणि मान वर करून, भिंतीला टेकवून बसणं, कारण तसं बसल्यावर श्वासनलिका सरळ होते आणि हवा घेणं सोपं जातं. काचेवर, लपायच्या डब्याच्या तोंडाशी वाळलेल्या लाळेचे डाग. आणि शेवटी तोंड उघडं ठेवून श्वास घेणं. निरोगी साप तोंड उघडून श्वास घेत नाही, त्यामुळे हे दिसलं की ती इमर्जन्सी समजायची.

खात्री करायची एक साधी पद्धत आहे. रात्री घर शांत झाल्यावर साप हातात न घेता पेटीजवळ मोबाइल ठेवा आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ करा, आवाजासकट. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. दोन्हीत तोच आवाज असेल तर पुढच्या तयारीला लागा. तोंड स्वतः उघडून बघायच्या भानगडीत पडू नका. पिल्लाचा जबडा नाजूक असतो आणि धापा टाकणाऱ्या सापाला दाबून धरणं धोक्याचं. तोंडाच्या कडेला पिवळसर, दह्यासारखं काही दिसत असेल तर तो तोंडाचा संसर्ग आहे. तो खाली छातीत उतरतो, म्हणून डॉक्टरला हे आवर्जून सांगा.

पहिल्या रात्री

डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत घरी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं अर्धं याच रात्री होतं.

घरात दुसरे साप असतील तर आजारी पिल्लाला वेगळ्या खोलीत हलवा. त्याचं भांडं, चिमटा, कापड सगळं वेगळं. आधी निरोगी सापांचं काम उरकायचं आणि आजाऱ्याचं शेवटी, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. सापांच्या अंगावर साल्मोनेला असतो, त्यामुळे घरातल्या लहान मुलांना आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला या कामापासून लांब ठेवा.

पेटीतला नारळाचा भुसा, लाकडाचा चुरा, माती काढून टाका. त्यांच्या धुळीने छातीला त्रास होतो आणि ओल धरली की बुरशी येते. त्याऐवजी कोरा टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. कागदावर लाळेचे डाग लगेच दिसतात, हा त्याचा जास्तीचा फायदा. दोन लपायचे डबे ठेवा, एक गरम टोकाला आणि एक थंड टोकाला. एकच डबा असला तर भित्रं पिल्लू ऊब सोडून लपण पसंत करतं.

धुवायला फिनेल वापरू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांना फिनॉल विषारी आहे, आणि फरशी पुसल्याच्या वासानेही त्रास होतो. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक चालतं. घरातलं ब्लीच पाण्यात एकास तीस करून भांडी त्यात दहा मिनिटं बुडवा, मग भरपूर पाण्याने धुऊन वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा.

ऊब किती, कुठली, कशी

निरोगी असताना बॉल पायथनला गरम टोकाला ३१ ते ३३ अंश आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश सेल्सिअस पुरतं, रात्री थोडं उतरलं तरी चालतं. आजारात रात्रीचा उतार बंद करायचा. गरम टोक ३२, थंड टोक २८, दिवसरात्र तेच. कॉर्न स्नेकला गरम टोक ३० ते ३१ आणि थंड टोक २६ च्या आसपास. दोन टोकांतला फरक ठेवायचाच, म्हणजे नको वाटलं की पिल्लू सरकू शकतं. ३५ च्या वर कधीही नाही. "जास्त ऊब, लवकर बरं" असा हिशोब करून सापाला भाजून मारणारेही असतात.

आता इथली अडचण. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि गरिबांचं महाबळेश्वर म्हणून मिरवताना आपल्याला जी हवा आवडते तीच या पिल्लांना मानवत नाही. जानेवारीच्या पहाटे टिळकवाडीतल्या वरच्या मजल्यावरची खोली किंवा वडगावातलं कौलारू घर चांगलंच गार पडतं. पेटीखालची हीट मॅट पोटाखालची काच तापवते, पण पेटीतली हवा तापवत नाही. म्हणजे पोट गरम आणि फुफ्फुसात जाणारी हवा गार. थर्मामीटरचा प्रोब मॅटवर ठेवलेला असतो, आकडा ३२ दाखवतो आणि मालक निश्चिंत असतो. प्रोब पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर टांगा, मग खरं चित्र कळेल. हवा गार असेल तर चिनी मातीच्या होल्डरमध्ये सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता नुसती उष्णता देणारा बल्ब) लावा, त्याला जाळीचं संरक्षण द्या आणि थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरलेल्या अंशावर रोखणारं यंत्र) चालवू नका. काचेच्या टाकीला तीन बाजूंनी थर्माकोल चिकटवला आणि वरच्या जाळीचा पाऊण भाग टॉवेलने झाकला तर उष्णता टिकते. एमिटर जाळीच्या वर बसवला असेल तर टॉवेल त्याच्यापासून चांगला लांब ठेवा. उरलेला पाव भाग उघडाच ठेवायचा, कोंदट हवा थंडीइतकीच वाईट.

ओलाव्याचं गणित मात्र गावागणिक बदलतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात घरातली ओल नव्वदच्या खाली येत नाही. अथणीकडे उन्हाळ्यात नाक सुकतं. कारवारला बारा महिने दमट, बिदर-भालकीत हिवाळा कोरडा आणि कडक. बॉल पायथनला ६० ते ७० टक्के ओलावा हवा, कॉर्न स्नेकला ५० च्या आसपास पुरतो. फार कोरड्या हवेत लाळ वाळून घट्ट होते. पावसाळी गावात लोक पंखा लावून ओल घालवायला बघतात आणि पिल्लाला वारा लागतो. त्यापेक्षा हवा तापवा. २२ अंशांना नव्वद टक्के ओल असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापवली की तीच सापेक्ष आर्द्रता साधारण ५५ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच राहतं, पण गरम हवेला ती ओल कमी वाटते. म्हणजे खानापूरच्या माणसाला ऊब नीट दिली की ओलाव्याची वेगळी चिंता फारशी करावी लागत नाही. कोरड्या भागात उलटं. तिथे पाण्याचं पसरट भांडं गरम बाजूला सरकवा आणि एका डब्यात ओलसर, पिळून घेतलेलं मॉस ठेवा. पेटीवर पाण्याचे फवारे मारत बसू नका, त्याने कागद ओला राहतो.

पावसात लाईट जाते तेव्हाची तयारी आधीच करून ठेवा. दहा-पंधरा वॉटची मॅट घरातल्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालते. इन्व्हर्टर नसेल तर मासळीवाल्याकडे असतो तसा थर्माकोलचा खोका, झाकणाला चार-सहा भोकं, आत कापडी पिशवीत पिल्लू आणि टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. बाटली पिशवीला टेकलेली नको, आणि पिल्लाला तिच्यापासून लांब सरकायला जागा हवी. दर दोन तासांनी पाणी बदलायचं.

घरातल्यांचे सल्ले

साप आजारी आहे म्हटल्यावर घरातल्या प्रत्येकाकडे उपाय निघतो. हळदीचं दूध त्यात पहिलं. सापाला दूध पचत नाही, आणि तोंडात ओतलेलं दूध थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं, कारण तिचं तोंड सापाच्या जिभेच्या मागेच, जबड्याच्या तळाला असतं. नागपंचमीला गारुड्यांकडचे उपाशी, तहानलेले नाग दूध पितात आणि त्यातले कितीतरी नंतर मरतात, त्याचं एक कारण हेच. आजीला हे प्रेमाने समजावून सांगा.

निलगिरीचं तेल, कापूर, बाम, ओव्याची धुरी यातलं काहीही पेटीजवळ आणू नका. ज्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विडची मशीन चालते तिथे साप ठेवू नका. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर वाईट परिणाम करतात. कपाटातल्या डांबरगोळ्या, देवघरातली अगरबत्ती, न्हाणीतल्या बंबाचा धूर, सगळं लांब. डासांसाठी पेटीभोवती मच्छरदाणी लावा, ती पुरते.

माणसांची औषधं, विशेषतः सर्दीची सिरपं, अजिबात नाही.

डॉक्टर शोधणं आणि तिथे काय न्यायचं

आपल्या भागात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी-शेळ्यांचे, खाजगी दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. "हावु" (कन्नडमध्ये साप) म्हटलं की कंपाउंडर दोन पावलं मागे सरतो. त्यात त्याचा दोष नाही. आधी फोन करा आणि बिनविषारी परदेशी साप आहे, वजन अमुक, असं स्पष्ट सांगा. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर पुणे, मुंबई, गोवा किंवा बेंगळुरूत शोधावा लागेल, पण पिल्लाला दर तीन दिवसांनी तिकडे नेणं शक्य नाही. सगळ्यात चांगली चालणारी व्यवस्था म्हणजे जोडी: गावातला तयारीचा डॉक्टर इंजेक्शन आणि तपासणीसाठी, आणि लांबचा अनुभवी डॉक्टर त्याच्याशी फोनवर बोलून औषध ठरवण्यासाठी. दोघांची एकमेकांशी गाठ घालून देणं हे तुमचं काम. शिरवळ आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत, आणि बिदरकडच्यांनी बिदरच्या महाविद्यालयात, साप बघतात का हे फोनवर विचारून ठेवायला हरकत नाही.

न्यायच्या गोष्टींत पहिली म्हणजे ग्रॅममधलं वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, कॉर्न स्नेकचं पिल्लू दहा-वीस ग्रॅमचं असेल तर सोनाराकडच्यासारखा बारीक काटा लागतो. डबा ठेवून काटा शून्य करा, मग त्यात पिल्लू सोडा. दुसरं, ते दोन्ही व्हिडिओ. तिसरं, पेटीचा फोटो आणि दोन्ही टोकांच्या तापमानाच्या तीन-चार दिवसांच्या नोंदी. शिवाय शेवटचं खाणं आणि शेवटची कात कधी, साप कुठून आणला, घरात आणखी किती, पाण्याच्या भांड्यात काळे ठिपके दिसतात का. ते ठिपके म्हणजे सापावरची बारीक गोचिडं (माइट), आणि ती असली तर त्यांचाही उपचार बरोबरीने करावा लागतो.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी श्वासनलिकेच्या तोंडाचा स्वॅब किंवा धुऊन काढलेला नमुना कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवता येईल का, हे नक्की विचारा. साध्या केसमध्ये डॉक्टर अनुभवावर औषध सुरू करतील, तेही ठीक. पण औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यातून हाती फारसं लागत नाही.

प्रवासात तोच थर्माकोलचा खोका वापरा, आत २७ ते ३० अंश राहतील असं बघा. साप खाऊन दोन दिवस झालेले नसतील आणि केस तातडीची नसेल तर थांबा. पावसाळ्यात चोर्ला घाटातून जाताना गाडीचा एसी बंद. आणि एसटीने नेऊ नका, पेटीत काय आहे हे कळल्यावर पुढे काय होईल ते सांगायला नको.

इंजेक्शनचा हिशोब

डॉक्टर नेहमी ज्या औषधांचा विचार करतात त्यात सेफ्टाझिडिम, एन्रोफ्लॉक्सासिन आणि अमिकासिन येतात. कुठलं आणि किती हे तेच ठरवतील. तुम्हाला हिशोब समजणं मात्र गरजेचं आहे, कारण पिल्लाच्या बाबतीत चूक होते ती औषधाच्या निवडीत कमी आणि मापात जास्त.

सेफ्टाझिडिमचा सापांसाठीचा प्रचलित डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी, साप ३० अंशांच्या आसपास ठेवलेला असताना. पिल्लू १५० ग्रॅमचं असेल तर डोस झाला ३ मिलिग्रॅम. एक ग्रॅमच्या बाटलीत इंजेक्शनचं १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातलं तर एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम, म्हणजे पिल्लाला लागतं ०.०३ मिलिलिटर. हे इन्सुलिनच्या सिरिंजनेच मोजता येतं आणि खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. नारिंगी टोपणाच्या यू-१०० सिरिंजवर ०.०३ मिलिलिटर म्हणजे ३ रेघा. लाल टोपणाच्या यू-४० सिरिंजवर त्याच ३ रेघा म्हणजे ०.०७५ मिलिलिटर, जवळजवळ अडीचपट. दुकानदार विचारल्याशिवाय कुठलीही काढून देतो. टोपणाचा रंग बघा, सिरिंजवर छापलेलं वाचा, आणि डॉक्टरने दाखवली तीच शेवटपर्यंत वापरा.

एन्रोफ्लॉक्सासिनचं तसंच. जनावरांसाठीची १० टक्क्यांची बाटली म्हणजे मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. ती म्हशीसाठी आहे. पिल्लाला तशीच टोचली तर माप तर चुकतंच, शिवाय हे औषध स्नायूला जाळतं, तिथे गाठ किंवा जखम होऊ शकते. डॉक्टर ते पातळ करून देतात किंवा एका डोसनंतर दुसऱ्या औषधाकडे वळतात. अमिकासिन मूत्रपिंडाला त्रास देतं, म्हणून ते चालू असताना सापाच्या अंगात पाणी कमी पडू द्यायचं नाही.

घरी टोचायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरच्या समोर एकदा स्वतः टोचून दाखवा. जागा शरीराच्या पुढच्या एक तृतीयांशात, पाठीच्या कण्याच्या बाजूच्या स्नायूत. मागच्या भागात टोचलेलं औषध अंगभर पसरण्याआधी मूत्रपिंडातून जाऊ शकतं. सुई खवल्याच्या मधून नाही, दोन खवल्यांच्या फटीतून, तिरकी आणि उथळ. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. साप धरायला दुसरा माणूस हवा. डोकं न आवळता, अंगाला आधार देऊन धरायचं. सेफ्टाझिडिमचे डोस डॉक्टर कधी कधी सिरिंजमध्ये भरून देतात, त्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायच्या. वापरताना एकच काढून तळहातात वितळवायची, गरम पाण्यात नाही. आणि फ्रीझरमध्ये तो डबा काय आहे हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

७२ तास म्हणजे सोमवारी सकाळी दिलं तर पुढचं गुरुवारी सकाळी, मग रविवारी सकाळी. कॅलेंडरवर आताच खुणा करा. सात डोस म्हणजे जवळपास तीन आठवडे होतात, आणि दुसऱ्या आठवड्यात आवाज बंद झाला की पुढचे डोस चुकवायचा मोह हमखास होतो. अर्धवट कोर्सनंतर परत उलटलेला संसर्ग त्या औषधाला जुमानत नाही.

नेब्युलायझर

मेडिकलमध्ये मिळणारं माणसांचं कॉम्प्रेसर नेब्युलायझर इथे उपयोगी पडतं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाला काही भोकं पाडा आणि एका भोकातून नळी आत सोडा. कपात ३ ते ५ मिलिलिटर नॉर्मल सलाइन. पिल्लू आत, डबा गरम खोलीत, पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा-दोनदा. धुक्याने लाळ पातळ होते आणि थोडी का होईना बाहेर येते. सगळा वेळ समोर बसून राहा. तोंड उघडून धडपड करू लागलं तर लगेच बंद करा. नंतर ओठांशी आलेली लाळ सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपा, कापूस आत घालू नका, आणि पिल्लू कोरडं करून पेटीत ठेवा.

कपात अँटिबायोटिक घालायचं ते डॉक्टरने सांगितलं तरच. घरात कुणाच्या दम्याच्या रेस्प्यूल (औषधाच्या छोट्या कुप्या) पडलेल्या असतील त्या घालू नका. पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ देऊ नका, तिने आतून भाजतं. आणि हा नेब्युलायझर पुन्हा घरातल्या माणसांसाठी वापरायचा नाही.

खाणं-पाणी

तोंड उघडून श्वास घेणाऱ्या पिल्लाला खायला देऊ नका. गिळताना त्याची दमछाक होते, उलटी झाली तर ती छातीत जाऊ शकते. मोठा साप महिना-दोन महिने उपाशी राहू शकतो, पिल्लाचा साठा तेवढा नसतो. म्हणून दर तीन दिवसांनी वजन करा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के कमी झालं की डॉक्टरला कळवा. नळीने भरवायचं की नाही हे त्याने ठरवायचं, तुम्ही जबरदस्ती करू नका. आवाज कमी झाला, जीभ पुन्हा चटकन बाहेर येऊ लागली, की नेहमीपेक्षा लहान उंदराचं पिल्लू द्या. मारून कोमट केलेलं, जिवंत नाही. उलटी झालीच तर पुढचे दहा-बारा दिवस काही नाही, फक्त पाणी.

पाणी रोज ताजं. कोमट पाण्यात बसवायला सांगतात, पण अशक्त पिल्लू बोटभर पाण्यातही नाक वर धरू शकत नाही. अंगात पाणी कमी वाटलं, कातडीला चुण्या राहू लागल्या, तर डॉक्टर सलाइन टोचतील.

दहा दिवसांनंतर

ऊब बरोबर आहे, औषध मापात जातंय, तर सात ते दहा दिवसांत फरक दिसायला हवा. बुडबुडे कमी होतात, पिल्लू डोकं खाली टेकवून झोपतं. काहीच फरक नसेल तर डोस वाढवून मागू नका. कल्चरचा रिपोर्ट बघा, एक्स-रेबद्दल विचारा, आणि विषाणूची शक्यता मनात धरा. बॉल पायथनमध्ये निडोव्हायरसमुळे होणारा श्वसनाचा आजार २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला. वरून तो जंतुसंसर्गासारखाच दिसतो, अँटिबायोटिकने थोडा दबतो आणि पुन्हा येतो. त्यावर औषध नाही. ऊब, पाणी आणि वरून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा बंदोबस्त, एवढंच हातात असतं.

बरं झालेल्या पिल्लाचं तापमान एकदम खाली आणू नका. दोन-तीन दिवसांनी एक अंश असं आणा. कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी डॉक्टरला पुन्हा दाखवा आणि पुढची कात एकसंध उतरते का ते बघा. तीन महिने ते इतर सापांपासून वेगळंच राहू द्या. त्या काळात घरात नवा साप आणू नका, आणि हे पिल्लू कुणाला देऊ, विकू किंवा जोडीला लावू नका. नव्या मालकाला द्यायची वेळ आलीच तर औषधांच्या तारखांचा कागद नोंदणीच्या कागदाबरोबर जोडून द्या.